संगणकांच्या दोन पिढ्यांचा अबोला

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं, ज्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कारभाराशीं आमचा थोडाबहुत संबंध आहे तेथें, एक चमत्कारिक प्रकार घडला. वाचनालयांत सन २००६ मध्यें घेतलेला एक सर्व्हर होता. ग्रंथांची यादी, सभासदांच्या अनामत रकमांचा हिशेब, आणि ज्यांचें मोल पैशांत होणें शक्य नाहीं अशीं जुन्या मासिकांच्या अंकांचीं छायाचित्रें, असा सर्व ऐवज त्याच्या पोटांत होता. त्या अंकांपैकीं कित्येकांचा मूळ कागद पुढें ओलीनें व वाळवीनें नाहींसा झाला. तेव्हां आतां जें काय उरलें आहे तें त्या पेटींतच. मध्यंतरीं एक देणगी मिळाली म्हणून मंडळींनीं नवा सर्व्हर आणला, जुन्याच्या शेजारींच मांडला, दोघांसही एकाच जाळ्यांत गोंवलें, आणि जुन्यांतील ऐवज नव्यांत नेण्यास बसले. तों काय? नवा जुन्याचें दार उघडीना, आणि जुन्यास नवा ओळखेना. दोघेही चालू, दोघांचेही दिवे लुकलुकत आहेत, तार शाबूत आहे; परंतु एकमेकांशीं चकार शब्द बोलण्यास कोणी तयार नाहीं.

ग्रंथपालबाईंनीं आम्हांस विचारलें, "जुनें यंत्र बिघडलें म्हणावें, कीं नवेंच सदोष निघालें?" आम्हीं सांगितलें कीं, दोघांतही दोष नाहीं, प्रत्येक यंत्र आपल्या काळच्या रीतीप्रमाणें बिनचूक वागत आहे, आणि अडचण आहे ती नेमकी त्यामुळेंच. या उत्तरानें त्यांचें समाधान झालें नाहीं, व होण्याचें कारणही नव्हतें. म्हणून या अबोल्याचा मागचा इतिहास थोडा विस्तारानें सांगण्याचें आम्हीं मनांत घेतलें. तो चाळीस वर्षांचा आहे, आणि बँक, इस्पितळ, बंदर अशा ज्या ज्या ठिकाणीं आपणां सर्वांचीं कामें अडकतात त्या त्या ठिकाणीं तो येऊन भिडलेला आहे.

सन १९८१ मध्यें आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तेव्हां तो एकांडा शिलेदार होता. स्वतःची तबकडी, स्वतःच्या फाइली, स्वतःचा मुद्रक. शेजारच्या मेजावरील संगणकाशीं त्याचें देणेंघेणें कांहीं नाहीं. सन १९८३ मध्यें त्याच कंपनींतील बॅरी फायगेनबॉम यांनीं यावर एक युक्ति काढली. संगणकावरील प्रोग्रॅम फाइल हवी असल्यास डॉसकडे मागणी करतो. ती मागणी वाटेंतच अडवावी, तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडावी, आणि आलेलें उत्तर घरच्याच तबकडींतून आल्यासारखें प्रोग्रॅमच्या हातीं द्यावें. बिचाऱ्या प्रोग्रॅमास या उसनवारीचा पत्ताही लागत नाहीं. या पद्धतीस फायगेनबॉम यांनीं प्रथम बीएएफ हीं आपल्याच नांवाचीं आद्याक्षरें दिलीं होतीं. पुढें तें नांव बदलून सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजे एसएमबी, असें ठेवण्यांत आलें. आज कोणत्याही कचेरींत एका मेजावरचा कारकून दुसऱ्या खोलींतील सर्व्हरवरचें पत्रक उघडतो तें बहुधा याच पद्धतीच्या वंशजाच्या द्वारें.

त्याच सुमारास सायटेक नांवाच्या कंपनीनें आयबीएमकरितां नेटबायॉस ही दुसरी रचना तयार केली. तिचा थाट वाड्याच्या चौकांत उभें राहून नांवानें हाका मारण्याचा आहे. 'अमुक नांवाचा संगणक कोठें आहे हो?' अशी हाक सर्वांस ऐकूं जाते, आणि ज्याचें नांव असेल तो 'ओ' देतो. नांव पंधरा अक्षरांहून लांब असूं नये हा नियम. लहानशा कचेरींत हा प्रकार फार सोयीचा. परंतु जाळें वाढून मध्यें राउटर आले कीं हाक भिंतीपलीकडे जात नाहीं. मार्च १९८७ मध्यें, इंटरनेटच्या टीसीपी या वाहतूकपद्धतीवरून नेटबायॉस कसा चालवावा याचे नियम १००१ व १००२ या क्रमांकांच्या टिपणांत प्रसिद्ध झाले, आणि त्याच्यासाठीं १३७, १३८ व १३९ अशीं तीन दारें, म्हणजे पोर्ट, मुक्रर झालीं. हे आंकडे वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

मायक्रोसॉफ्ट व थ्रीकॉम या कंपन्यांनीं सन १९८७ मध्यें लॅन मॅनेजर काढला, सन १९९२ मध्यें विंडोज फॉर वर्कग्रुप्स आला, सन १९९३ च्या जुलैंत विंडोज एनटी आला. प्रत्येकानें एसएमबींत आपल्या गरजेप्रमाणें भर घातली. आतां प्रश्न असा कीं, नवा संगणक जुन्याशीं बोलणार कसा? त्यावर जी तोड काढण्यांत आली ती मोठी मार्मिक आहे. या शास्त्रांत एसएमबीच्या प्रत्येक आवृत्तीस 'डायलेक्ट' म्हणतात. आपला 'बोली' हा शब्द तिला तंतोतंत लागूं पडतो. भेट होतांच पाहुणा संगणक आपणांस येणाऱ्या सर्व बोलींची यादी यजमानापुढें ठेवतो. यजमान त्यांतली आपणांस समजणारी सर्वांत अलीकडची बोली निवडतो आणि तिचा यादींतला अनुक्रमांक तेवढा कळवितो. मग पुढचें सारें संभाषण त्या बोलींत. या यादीच्या शिरोभागीं 'पीसी नेटवर्क प्रोग्रॅम १.०' ही १९८० च्या दशकांतील आयबीएमची मूळ बोली असे. तिच्या खालीं लॅन मॅनेजरच्या बोली, वर्कग्रुप्सची बोली, आणि शेवटीं एनटीची. ती मूळ बोली बोलणारें यंत्र पृथ्वीच्या पाठीवर शोधूनही सांपडेना अशी स्थिति झाल्यावरही नवे संगणक ती यादी वर्षानुवर्षे मुकाट्यानें म्हणून दाखवीत राहिले. एखाद्या जुन्या घराण्याच्या सनदेंत, वारलेल्या मूळ पुरुषापासून सर्वांचीं नांवें वाचावींत, त्यांतलाच हा मासला.

आमच्या मतें या विद्येंतील चांगलें व वाईट या दोहोंचें मूळ येथेंच आहे. जुन्यास न दुखवितां नव्यानें पुढें जावें ही कल्पना उदार खरी, आणि तिच्यामुळेंच वीस-वीस वर्षांचीं यंत्रें एकत्र नांदलीं. परंतु समोरच्यास जेवढें येतें तेवढ्यावर उतरावयाचें, असा ज्याचा नियम त्याचें रक्षण त्याच्या दुबळ्यांतल्या दुबळ्या सोबत्याइतकेंच होणार, हें कोणीं बोलून दाखविलें नाहीं. निदान पुरेशा मोठ्यानें दाखविलें नाहीं.

पासवर्डाचेंच उदाहरण घ्या. पासवर्ड तारेवरून उघडा पाठवावयाचा नाहीं एवढें शहाणपण आलें होतें. सर्व्हर एक यदृच्छ संख्या पाठवितो, आणि पाहुण्यानें आपल्या पासवर्डाच्या छापानें ती मढवून परत करावयाची. परंतु लॅन मॅनेजरच्या काळीं तो छाप घेण्याची रीत अशी कीं, पासवर्डाचीं सर्व अक्षरें आधीं मोठ्या लिपींत करावयाचीं, चौदांहून अधिक असतील तीं सोडून द्यावयाचीं, आणि उरलेल्या चौदांचे सात-सातांचे दोन तुकडे करून प्रत्येकाचा छाप वेगळा घ्यावयाचा. चौदा कड्यांची सांखळी तोडणें चोरास जड जातें. सात कड्यांच्या दोन सांखळ्या तोडणें त्या मानानें पोरखेळ. एनटीबरोबर एनटीएलएम ही बरी रीत आली, व सन १९९८ मध्यें एनटीच्या चौथ्या सर्व्हिस पॅकाबरोबर तिचीच सुधारलेली दुसरी आवृत्ति. तथापि समोर जुना गडी असेल म्हणून नवीं यंत्रें जुन्या रीतीचेंही उत्तर सोबत पाठवीतच राहिलीं. घराच्या पुढच्या दारास नवें कुलूप, आणि परसदारीं जुन्या गड्यासाठीं नुसती कडी!

याच काळांतील एक गोष्ट मात्र मन प्रसन्न करणारी आहे. सन १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील विद्यापीठांत अँड्र्यू ट्रिजेल नांवाचा विद्यार्थी होता. त्यास आपल्या मेजावरील पीसीवरून सन कंपनीच्या युनिक्स संगणकावरील फाइली हव्या होत्या. पीसीवर होती डिजिटल कंपनीची पाथवर्क्स नांवाची पद्धति. तिची बोली युनिक्सास येत नव्हती, आणि तिचें व्याकरण ट्रिजेलपाशीं नव्हतें. त्यानें तारेवरून जाणारे संदेश टिपून घेतले, व कोणत्या प्रश्नास कोणतें उत्तर येतें हें पाहून पाहून सारी बोली स्वतःच जुळविली. पुढें या खटाटोपाचें वर्णन करतांना त्यानें उपाहारगृहाचा दाखला दिला आहे. फ्रेंच भाषेचें अक्षर न येणारा मनुष्य फ्रेंच उपाहारगृहांत कोपऱ्यांत बसून, कोण काय बोलला म्हणजे वाढपी काय आणून ठेवतो हें पाहात राहिला, तर हळूहळू त्यास ती भाषा येऊं लागेल, तसेंच हें. पुढें त्यास आढळून आलें कीं, आपण शिकलों ती बोली मायक्रोसॉफ्टच्या संगणकांचीच आहे. त्याच्या प्रोग्रॅमास नांव हवें होतें. शब्दकोशांत एस, एम, बी हीं अक्षरें क्रमानें असलेला शब्द त्यानें संगणकाकडूनच शोधवून घेतला, आणि 'सांबा' हें नांव निघालें. मोडी न येणाऱ्या अधिकाऱ्यापुढें मोडी दप्तर वाचून दाखविणाऱ्या चिटणिसाचें जें काम, तें सांबानें युनिक्स व लिनक्स यांच्या जगांत तीस वर्षांहून अधिक काळ चालविलें आहे.

अशी चोरून ऐकून भाषा शिकावी लागणें हें न्यायाचें नव्हे, असें पुढें युरोपांतील अधिकाऱ्यांसही वाटलें. मार्च २००४ मध्यें युरोपीय आयोगानें मायक्रोसॉफ्टला ४९ कोटि ७० लक्ष युरोंचा दंड ठोठावला, आणि इतरांच्या सर्व्हरांस विंडोजशीं नीट बोलतां यावें एवढी माहिती उघड करण्याचा हुकूम केला. १७ सप्टेंबर २००७ रोजीं तेथील न्यायालयानें तो निर्णय कायम केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सांबाच्या मंडळींस, त्यांच्या वतीनें एका संस्थेनें दहा हजार युरो भरल्यावर, त्या बोलींचे कागद अधिकृतपणें मिळाले. सोळा वर्षें जें कान देऊन शिकलें, त्याचें व्याकरण तेव्हां हातीं आलें.

असो. मूळ विषयाकडे वळूं. फेब्रुवारी २००० मध्यें विंडोज २००० आला, आणि जुन्या-नव्यांच्या संबंधांत पहिली मोठी भेग पडली. चौकांत हाका मारण्याची रीत सोडून, नांवावरून पत्ता काढण्याचें काम डीएनएस या नोंदवहीकडे गेलें. नेटबायॉसचा १३९ क्रमांकाचा दरवाजा टाळून एसएमबीनें ४४५ क्रमांकाचा स्वतःचा दरवाजा उघडला. ओळख पटविण्यासाठीं, अमेरिकेंतील एमआयटी विद्यापीठांत जन्मलेली कर्बेरॉस ही पद्धति आली. तींत एक मध्यवर्ती अधिकारी मुदतीचीं तिकिटें देतो, आणि तीं दाखवून सर्व्हरांत शिरावयाचें. तिकिटावर वेळ घातलेली असते; म्हणून दोन यंत्रांच्या घड्याळांत पांच मिनिटांहून अधिक अंतर पडलें कीं प्रवेश नाकारावा, हा सामान्य दंडक. जुन्या सर्व्हरांतील बारीकशी बॅटरी म्हातारी झाली कीं त्याचें घड्याळ मागें पडूं लागतें. मग दुरुस्तीस आलेले लोक तारा तपासतात, पासवर्ड बदलतात, नशिबास बोल लावतात. आणि घड्याळाकडे कोणी पाहातच नाहीं.

विंडोज सर्व्हर २००३ नें आणखी एक कडक शिस्त आणली. डोमेनचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हराशीं बोलतांना प्रत्येक संदेशावर सही असलीच पाहिजे. पेशवाईंतल्या कागदावर शेवटीं मोर्तब असे, म्हणजे मजकुरांत मागाहून कोणीं भर घातली तर ती उघडी पडे. त्याच जातीची ही सही. परंतु विंडोज ९५ ला अशी सही करतां येत नव्हती, आणि एनटीसही ती सन १९९७ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकाशिवाय येत नव्हती. नवा सर्व्हर बसविला त्याच दिवशीं जुने संगणक बाहेर पडले, असे अनुभव त्या वेळीं फार ठिकाणीं आले. सन २००६–०७ च्या सुमारास व्हिस्टा आला तेव्हां हाच प्रकार उलट बाजूनें झाला. व्हिस्टा पहिल्यापासूनच एनटीएलएमच्या दुसऱ्या आवृत्तीनेंच उत्तर देई. लोकांनीं फाइली ठेवण्यासाठीं घेतलेल्या लहान पेट्यांत सांबाची जुनी आवृत्ति असे. तिला तें उत्तर उलगडेना. पेटी म्हणे, 'पासवर्ड चुकला.' गृहस्थ तोच पासवर्ड दहा वेळां, शेवटीं एका बोटानें एकेक अक्षर दाबून, घालून पाही. पासवर्ड बरोबरच होता. चूक होती ती त्या वाक्यांत. यंत्राच्या तक्रारीचा शब्दशः अर्थ घेऊं नये हा धडा आम्हीं स्वतः त्याच वेळीं, एक अख्खा रविवार खर्चून, शिकलों.

व्हिस्टाबरोबरच एसएमबीची दुसरी पिढी आली. जुन्या पिढींत आज्ञांची संख्या वाढत वाढत शंभरांपलीकडे गेली होती. दुसरीनें ती एकोणिसांवर आणली. संदेशाच्या आरंभीं जी खूण असते तीही बदलली. एसएमबी हीं तीन अक्षरें तींच, पण त्यांच्या पुढचा अंक २५५ होता तो २५४ झाला. एका अंकाचा हा फरक. पण तेथून वंशच वेगळा. सन २०१२ मध्यें तिसरी पिढी आली, व तिच्यांत मजकूर गुप्त करून पाठविण्याची सोय झाली. विंडोज सर्व्हर २००३ ला मात्र शेवटपर्यंत पहिल्या पिढीपलीकडे कांहीं येत नव्हतें.

जुना व नवा सर्व्हर नुसते एकमेकांशीं बोलतांनाच अडतात असें नाहीं. दोघांनीं मिळून एकच कारभार चालवावयाचा म्हटला तर घोंटाळा अधिक खोल जातो. सन २०१४ मध्यें, २००३ चा व २०१२ आर२ चा असे दोन सर्व्हर ज्या संस्थांनीं डोमेनच्या गादीवर एकत्र बसविले होते, तेथें एक विलक्षण रोग दिसूं लागला. लोकांस अधूनमधून आपल्याच संगणकांत प्रवेश मिळेना. संगणक बंद करून पुन्हां सुरू केला कीं मिळे. कारण असें निघालें कीं, डोमेनमधील प्रत्येक संगणक आपला स्वतःचा, मनुष्यास न दिसणारा पासवर्ड दर तीस दिवसांनीं बदलतो. त्यापासून ज्या किल्ल्या घडवावयाच्या त्यांत नव्या सर्व्हरास एईएस जातीच्या हव्या. २००३ ला ती जातच ठाऊक नाहीं. बदल कोणाच्या हातून झाला यावर किल्ली कुलपास लागणार कीं नाहीं तें ठरूं लागलें. रोग रोज दिसता तर लवकर सांपडता. तीस दिवसांनीं, तोही एकेका संगणकास निरनिराळ्या दिवशीं दिसे, म्हणून तो लोकांस भुताटकीसारखा वाटला. मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं दुरुस्ती काढली.

आतां या इतिहासांतील काळा अध्याय. पहिली पिढी सोडा, असें मायक्रोसॉफ्टमधील नेड पाइल सप्टेंबर २०१६ मध्यें कळकळीनें लिहीत होते. सोडण्याची घाई कोणास नव्हती. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्यास त्या पिढीच्या सर्व्हर-भागांतील एक छिद्र सांपडलें होतें, आणि त्यानें तें आपल्या उपयोगासाठीं झांकून ठेविलें होतें. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें त्याची दुरुस्ती काढली. १४ एप्रिलला एका अज्ञात टोळीनें तें हत्यार चव्हाट्यावर मांडलें. आणि १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा किडा ४४५ च्या दारानें जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. सुमारें दीडशें देशांत दोन लक्षांहून अधिक संगणक त्यानें ग्रासले असें युरोपच्या पोलीस यंत्रणेनें सांगितलें. इंग्लंडांत सरकारी इस्पितळांच्या सुमारें एक तृतीयांश संस्थांचें काम विस्कळित झालें. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या इस्पितळांत बाधा झालेले बहुतेक संगणक अतिजुने नव्हते; विंडोज ७ चेच होते, आणि त्यांची दुरुस्ती दोन महिने आधींपासून फुकट उपलब्ध होती. सगळा दोष म्हाताऱ्या यंत्रांवर ढकलण्याची जी चाल पडली आहे तिला हें उत्तर आहे. उलट, ज्यांचा आधार सन २०१४ व २०१५ मध्येंच संपला होता त्या एक्सपी व सर्व्हर २००३ यांच्यासाठींही मायक्रोसॉफ्टनें त्या आठवड्यांत अपवाद करून दुरुस्ती दिली.

दीड महिना होतो तों, २७ जून २०१७ रोजीं, 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमांतून शिरला, आणि त्याच छिद्रानें, तसेंच चोरलेल्या पासवर्डांच्या बळावर, पसरला. मर्स्क या जहाज-कंपनीचा कारभार त्यानें कोलमडविला, आणि त्याचा धक्का आपल्या दारापर्यंत पोंचला. मुंबईसमोर न्हावा-शेवा येथें जें जवाहरलाल नेहरू बंदर आहे, त्यांतील त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलाचें काम ठप्प झालें व मालाच्या पेट्या अडकून पडल्या. सन १९८३ मधील एका सोयीस्कर युक्तीचें हें टोंक चौतीस वर्षांनीं उरणच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकवाल्याच्या डोक्यांत बसलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तींत पहिल्या पिढीचा सर्व्हर-भाग मुळांत बसविलेलाच नव्हता. आणि घरगुती व व्यावसायिक आवृत्त्यांत राहिलेला पाहुणा-भाग पंधरा दिवस कोणीं वापरला नाहीं तर आपोआप निघून जावा अशी योजना होती. एखादा मनुष्य सुट्टीवर जाऊन येतो, तर पूर्वीं उघडणारें जुन्या सर्व्हराचें दार बंद! कोणीं कांहीं केलें नाहीं, कांहीं बदललें नाहीं असें सर्व जण शपथेवर सांगत, आणि तें खरेंच असे. शिवाय 'नेटवर्क'च्या खिडकींत शेजारच्या संगणकांची जी यादी दिसे तीही अनेकांची रिकामी झाली. कारण ती यादी ठेवण्याची जुनी रीत पहिल्या पिढीवरच उभी होती. त्या रीतींत संगणक आपसांत निवडणूक करून यादी सांभाळणारा एक प्रमुख नेमीत, आणि प्रत्येक जण दर बारा मिनिटांनीं आपली हजेरी देई. ती पंचायत बरखास्त झाली. सांबानेंही सन २०१९ मध्यें पहिली पिढी मुळांत बंद ठेवण्यास आरंभ केला. सन २०२४ मध्यें निघालेल्या विंडोज ११ च्या आवृत्तींत व सर्व्हर २०२५ मध्यें तर एनटीएलएमची पहिली रीत काढूनच टाकली आहे.

हा सारा पूर्वेतिहास डोक्यांत ठेवून आम्ही त्या सायंकाळीं वाचनालयांत गेलों. जुन्या सर्व्हराचा आंकडी पत्ता घालून साद दिली; लगेच उत्तर आलें, म्हणजे तार व पत्ता ठीक. नांव घालून पाहिलें, तेंही लागलें. ४४५ चा दरवाजा ठोठावला, उघडा. येथवर सर्व गोष्टी सुतासारख्या सरळ. मग फाइलींची मागणी केली, तों नव्यानें ३८४ क्रमांकाची तक्रार काढली. तिचा भावार्थ असा कीं, समोरचा ज्या कालबाह्य बोलीचा आग्रह धरतो ती धोक्याची आहे, म्हणून मी जोडणार नाहीं. उलट जुन्याकडून नव्याकडे जाऊं पाहिलें तर जुना म्हणे, 'हें नांव आतां जाळ्यावर उपलब्ध नाहीं.' नांव तर समोरच होतें. नव्यानें त्याची बोली ऐकतांच फोन ठेवून दिला होता, आणि म्हाताऱ्यानें त्याचा अर्थ पलीकडचा घरीं नाहीं असा केला होता.

दुरुस्तीस आलेला तरुण हुशार होता. "दोन मिनिटांचें काम, काका. नव्यावर पहिली पिढी चालू करतों," असें म्हणून तो खुर्चींत बसलाही. ती सोय नव्या सर्व्हरांत ऐच्छिक म्हणून अद्याप ठेवलेली आहे, आणि पाहुणा-भाग तेवढाच चालू केला तर धोका बराच कमी, हेंही खरें. पण अशी 'दोन मिनिटांसाठीं' उघडलेलीं दारें वर्षानुवर्षे तशींच राहतात हें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. कारण ज्याचें काम झालें तो परत येऊन कडी लावीत नाहीं. त्यापूर्वीं आम्हीं त्यास एवढेंच पाहावयास सांगितलें कीं, मे २०१७ ची ती दुरुस्ती या जुन्या सर्व्हरावर बसविली आहे काय? बसविलेली नव्हती. म्हणजे वाचनालयाचा सारा ऐवज एवढीं वर्षें उघड्या परसदारीं पडून होता, आणि केवळ कोणी चोर तिकडे फिरकला नाहीं म्हणून शिल्लक राहिला. ग्रंथपालबाई हें ऐकून कांहीं वेळ बोलल्या नाहींत.

शेवटीं मार्ग निघाला तो ट्रिजेलच्याच पुण्याईनें. अडगळींतल्या एका संगणकावर लिनक्स घालून त्यास दुभाषी केलें. एका बाजूस तो जुन्या सर्व्हराशीं पहिल्या पिढीच्या बोलींत बोले, आणि दुसऱ्या बाजूस सांबाच्या द्वारें नव्याशीं तिसरींत. या मार्गांत पहिल्या पिढीची आवृत्ति 'एक दशांश शून्य' अशी स्पष्ट नांवानें मागावी लागते. लिनक्सही ती आपण होऊन बोलत नाहीं. जुना सर्व्हर व दुभाषी यांच्यामध्यें एकच तार. इंटरनेटशीं व इतर जाळ्याशीं जुन्याचा संबंध तोडला. नक्कल संध्याकाळीं सातास सुरू झाली ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं संपली. दोन्हींकडील फाइलींची संख्या ताडून पाहिली. तेरा फाइली कमी भरल्या. त्या जुन्या तबकडीवरच खराब झालेल्या निघाल्या. त्यांतील चार पानें एका सभासदांच्या घरच्या प्रतीवरून पुन्हां टिपून घेतां आलीं.

जुना सर्व्हर अद्याप कपाटाखालीं आहे. त्याची तार मात्र काढून ठेविली आहे.